बिल्डला सुडो कशाला?

ओपन सोर्स टूल सोर्सवरून बांधताना अनेक जण पहिल्या कमांडपासूनच सुडो लावतात. त्यांचं म्हणणं असं: मशीन माझं, शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ला रूट लागणारच, मग आधीपासून रूट असलो तर काय बिघडलं? आणि हल्ली सगळं कंटेनरमध्येच चालतं, तिथे तर आपण रूटच असतो.

पहिला मुद्दा घेऊ. इन्स्टॉलला रूट लागतं ते सिस्टिमच्या फोल्डरात फाइली ठेवण्यापुरतं. कंपाइल आपल्याच फोल्डरात होतं, त्याला रूट लागत नाही. एकदा ‘सुडो मेक’ केलं की ऑब्जेक्ट फाइली रूटच्या मालकीच्या होतात. दुसऱ्या दिवशी साधं ‘मेक’ अडू शकतं, म्हणून पुन्हा सुडो, आणि तीच सवय पडते. रूटने चाललेली एक चूक किती महागात पडते पाहा: 2011 मध्ये बम्बलबी प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘आरएम’च्या ओळीत एक स्पेस चुकून पडली आणि अख्खं ‘यूएसआर’ फोल्डर पुसलं जाऊ लागलं. तिथे रूट लागणारच होतं, मान्य. म्हणूनच रूटचा टप्पा ओळ न् ओळ वाचता येईल एवढा छोटा हवा.

कंटेनरचा मुद्दा जास्त फसवा आहे. कंटेनर बाहेरच्या मशीनला जपतो, आतल्या टेस्टला नाही. एक फाइल करा, ‘सीएचमॉड 000’ द्या आणि ‘कॅट’ करा. साध्या युजरला ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूटला मजकूर सरळ दिसतो, कारण कर्नल रूटसाठी ती परवानगी तपासून अडवतच नाही. आता तुमच्या टूलने न वाचता येणाऱ्या फाइलवर नीट एरर द्यावी, अशी टेस्ट लिहिली असेल तर? कंटेनरमध्ये ती एरर येतच नाही, टेस्ट फेल होते, आणि वैतागून कुणीतरी टेस्टच काढून टाकतं. मी हे होताना पाहिलंय. वापरणाऱ्यांपैकी बहुतेक साधे युजर असतात आणि नेमकी त्यांची वाट तपासायची राहते.

मग फक्त साध्या युजरने तपासावं का? तेही अपुरं. ‘सीएचओन’, ‘सीएचरूट’ यांची खरी परीक्षा रूटशिवाय होत नाही. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘आरएम’ ज्यात येतात त्या जीएनयू कोअरयुटिल्सची पद्धत मला योग्य वाटते. त्याचं ‘कॉन्फिगर’ रूटने चालवलं तर थांबतं. मुद्दाम व्हेरिएबल सेट केल्याशिवाय पुढे जात नाही. टेस्टही दोन वाटांच्या: काही रूट नसेल तर वगळल्या जातात, काही रूट असेल तर. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकात कोअरयुटिल्ससाठी आधी रूटच्या टेस्ट ‘मेक चेक-रूट’ने चालवतात, मग फोल्डर ‘टेस्टर’ नावाच्या साध्या युजरच्या नावे करून बाकीच्या त्याच्याकडून चालवतात.

दोनदा चालवण्यात वेळ जातो, ही तक्रारही टिकत नाही. रूटच्या टेस्ट मोजक्याच असतात. तुमच्या प्रकल्पाची कंटेनर फाइल आज उघडा आणि टेस्टच्या ओळीआधी एक साधा युजर जोडा.