पहिला प्रोजेक्ट आपल्या गावचाच हवा

सबमिशनची तारीख जवळ आली की कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या बॅचमध्ये तीच तीन-चार चित्रं फिरायला लागतात. रस्त्यावरून धावणारी गाडी, डोंगरामागे मावळणारा सूर्य, गोल गोल फिरणारी सूर्यमाला. कोड सिनियरकडून आलेला, सिनियरला त्याच्या सिनियरकडून. गाडीचा रंग बदलायचा, वर आपलं नाव टाकायचं आणि प्रिंट काढायची. ओरलला सरांनी विचारलं, ‘ही गाडी पुढे सरकते कशी?’ की सगळ्या माना खाली!

थ्रीडी शिकणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. यूट्यूबवर बघून ब्लेंडरमध्ये डोनट करायचा आणि स्टेटसला टाकायचा. डोनट करण्यात वाईट काहीच नाही, त्यातून टूल्स कळतात. पण तो बरोबर झाला की नाही, हे व्हिडिओ करणारा ठरवतो. म्हणून माझं म्हणणं आहे, पहिला खरा प्रोजेक्ट अशा गोष्टीचा करा, जी तुम्ही स्वतः मोजू शकता आणि जी रोज बघणारी माणसं तुमच्या आसपास आहेत. आपली चूक आपल्याला दिसली तरच आपण शिकतो ना!

या क्षेत्रातल्या मोठ्या लोकांनी हेच केलंय. एड कॅटमल पुढे पिक्सारचा सहसंस्थापक झाला, २०१९चा ट्युरिंग पुरस्कारही त्याला मिळाला. पण १९७२ मध्ये तो अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात विद्यार्थी होता. प्रोजेक्टसाठी त्याने निवडला स्वतःचा डावा हात. प्लास्टरमध्ये हाताचा साचा घेतला. आधी व्हॅसलीन लावायचं राहून गेलं, त्यामुळे साच्यातून हात काढताना त्यावरची लव उपटून निघाली! मग त्या हाताच्या मॉडेलवर सुमारे ३५० छोटे त्रिकोण-बहुकोन आखले, त्यांच्या कोपऱ्यांची मापं घेतली आणि कॉम्प्युटरला दिली. पडद्यावर बोटं मिटली, उघडली. पुढे १९७६च्या ‘फ्यूचरवर्ल्ड’ या हॉलिवूडपटात तोच हात दिसला.

कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या माणसानेही अशीच सुरुवात केली होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फिल्म केली. वाटाण्याचं रोप वाढत असताना थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घ्यायची, बस्स. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं आणि पैसे लावणाऱ्याला पटलं, की या माणसाला हे जमतंय. वाटाणा कसा उगवतो, हे बघणाऱ्याला आधीच माहीत होतं. त्यामुळे कमाल कॅमेऱ्याची आहे, हे त्याला लगेच कळलं.

आता आपल्याकडे बघू. निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं सायखेडा घ्या. पलीकडे चांदोरी, मध्ये नदीवरचा पूल. पूर आला की पाणवेली वाहत येऊन पुलाला अडकतात, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तो पूल ब्लेंडरमध्ये उभा करा. खांब किती, दोन खांबांमध्ये अंतर किती, कठडा केवढा? टेप घेऊन मोजा, पण पावसाळ्यात नको आणि पाण्यात तर मुळीच नको. मॉडेल झालं की घरी दाखवा. ‘अगं, कठडा असा कुठाय?’ असं आजी म्हणाली, तर तो तुमचा सगळ्यात भारी फीडबॅक.

याच्यापुढे जायचंय? २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात सायखेडा-चांदोरी परिसरात पाणी शिरलं होतं. पाणी कुठल्या ओट्यापर्यंत, कुठल्या भिंतीवर किती चढलं, हे लोकांना अजून आठवतं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, तशी गल्लीतल्या ओट्यांची लेव्हल घ्या. मग स्क्रीनवर पाण्याचा सपाट थर हळूहळू वर न्या. आधी कुणाचं दार बुडतं, रस्ता कधी बंद होतो, ते दिसेल. असा प्रोजेक्ट ग्रामपंचायतीतही दाखवता येईल. धावत्या गाडीचं तिथे काय करणार?

चांदोरीला नदीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत. एरवी ती पाण्याखाली असतात, पाणी खूप उतरलं की दिसतात. तेव्हा मोबाइलने चहूबाजूंनी एकमेकांवर येणारे फोटो काढले, तर मोफत सॉफ्टवेअरमधून त्यांचं थ्रीडी मॉडेल करता येतं. वर्षातले थोडेच दिवस दिसणारी वास्तू मग कधीही फिरवून बघता येईल.

‘आमचा लॅपटॉप झेपणार नाही,’ असं म्हणू नका. कॅटमलच्या हातात जेमतेम साडेतीनशे तुकडे होते; तुमचा साधा लॅपटॉपही त्याहून कितीतरी जास्त पेलतो. ब्लेंडर तर फुकट आहे. त्यातच बनलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियाच्या सिनेमाने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलं.

‘पण मार्क?’ हा प्रश्न खरा आहे. रेडिमेड गाडी चकाचक दिसते, तुमचा पूल वाकडा दिसेल. म्हणून सर-मॅडमना एक विनंती : चित्र किती चमकतं याऐवजी ते कसं काढलं, याला जास्त मार्क द्या. आणि तुम्हीही पुलासोबत मापांचा कच्चा कागद जोडा. नोकरीच्या मुलाखतीतही हाच कागद कामी येईल. डोनट समोरच्याने शंभर वेळा पाहिलेला असतो. सायखेड्याचा पूल बघून मात्र तो विचारेल, ‘हे कुठलं?’ आणि मग तुमच्याकडे सांगायला बरंच काही असेल.

तेव्हा या रविवारी टेप, आलेख कागद आणि मोबाइल घेऊन बाहेर पडा. सायखेड्यात नसाल तर तुमच्या गावची वेस, एसटी स्टँड, कांद्याची चाळ, काहीही चालेल. फक्त ते तुमचं तुम्ही मोजलेलं असू द्या.