कोडे सोडवा, पण औषध म्हणून नव्हे

गेल्या महिन्यात मुलुंडचे एक सत्तरीतले काका दवाखान्यात आले. आले म्हणण्यापेक्षा सूनबाईंनी आणले. सारी नोकरी बँकेत झालेली, आकडेमोडीत पक्के.

"डॉक्टर, बाबा हल्ली एकच गोष्ट चारचारदा विचारतात. दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरले," सूनबाई म्हणाल्या.

काकांनी पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढून टेबलावर ठेवली. अवघड सुडोकू, पूर्ण सोडवलेले आणि तेही पेनने! "हे बघा. डोकं बिघडलेल्या माणसाला हे जमेल का?"

मुलाचेही तेच मत होते. त्यानेच कोड्यांची पुस्तके आणून दिली होती. रोज चार कोडी सोडवली की म्हातारपणी विसरभोळेपणा येत नाही, असे त्याने कुठेतरी वाचले होते. या भरवशावर एक वर्ष गेले. तपासणीत आढळले की काकांना ऐकू कमी येते, रक्तदाब वाढलेला आहे आणि रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी आहे. या तिन्ही गोष्टींवर इलाज आहे. तो वर्षभर आधी सुरू करता आला असता. आता किती फरक पडतो ते काही महिन्यांनी कळेल.

वाचकहो, माझे भांडण कोड्यांशी नाही. माझे म्हणणे एवढेच की कोडे ही मौजेची गोष्ट आहे. तिला औषधाची गोळी करू नका, आणि प्रकृतीचा दाखला तर मुळीच करू नका.

शास्त्र काय सांगते?

२००३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन, नाच यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी प्रमाणात झाला, असे त्यात दिसले. पण खेळामुळे मेंदू चांगला राहिला, की मेंदू चांगला होता म्हणून खेळणे चालू राहिले? आजाराची सुरुवात झालेला माणूस आधी खेळच सोडतो. त्यामुळे याचे उत्तर अशा अभ्यासातून नक्की मिळत नाही.

त्याआधी २००२ साली अमेरिकेतच २,८३२ वृद्धांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. स्मरणशक्तीचा सराव दिलेल्यांची स्मरणशक्तीच्या चाचणीत प्रगती झाली, तर्काचा सराव दिलेल्यांची तर्काच्या चाचणीत. एका सरावाचा दुसरीकडे फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो. दूध उतू जाण्याआधी आठवेलच, याची हमी त्यात नाही. उलट, वर्षानुवर्षांची सवय अंगात मुरलेली असते. बाकीचे विसरायला लागले तरी ती बराच काळ टिकू शकते. काकांचे तसेच झाले असावे.

मग कशाने फायदा होतो? २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी १४ कारणे सांगितली. ती सांभाळली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणे, कमी दिसणे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा ही कारणे आहेत. यातले एकही सुडोकूने बरे होत नाही.

कापरेकर गुरुजींचा धडा

मग कोडी सोडून द्यायची का? छे! ती कशी सोडवावीत हे द. रा. कापरेकर गुरुजींकडून शिकावे. १९०५ साली डहाणूला जन्म, शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढे देवळालीच्या शाळेत मास्तरकी. मुंबईपासून ३० मैलांवरच्या जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्टेशनात त्यांना काही संख्यांची गंमत सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचेच नाव त्या संख्यांना दिले, 'डेम्लो संख्या'. हे डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात. ११ गुणिले ११ बरोबर १२१, १११ गुणिले १११ बरोबर १२३२१, असा तो डौल आहे. पुष्कळांनी या नादाला हसून घेतले. पण १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि गुरुजींचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले. एवढी वर्षे ते आकड्यांशी खेळले ते मेंदूच्या भल्यासाठी नव्हे. त्यांना तो खेळ आवडत होता, एवढेच.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध आकडा ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४! फार तर सात पायऱ्यांत हाच आकडा येतो आणि मग तो हलत नाही.

काकांना मी बी-१२ ची इंजेक्शने आणि रक्तदाबाची गोळी दिली, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायला सांगितले. सुडोकू बंद केले नाही. फक्त म्हटले, "काका, रोजच्या चारातली दोन कमी करा. त्या वेळात नातवाला वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार कसा न्यायचा ते विचारा." काका हसले. "तो मला हरवेल हो!" हरवू दे की. त्या निमित्ताने दोघे बोलतील.

तुमच्या घरी कोणी वारंवार विसरत असेल, तर त्याच्या हाती कोड्यांचे पुस्तक देऊन मोकळे होऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. कान, डोळे, रक्तदाब, साखर, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मग खुशाल सगळे मिळून कोडी घाला.

सुरुवातीला गुरुजींचे जन्मवर्ष १९०५ घ्या. ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मी सांगत नाही. घरातल्या सगळ्यांत धाकट्याला शेजारी बसवा आणि दोघे मिळून मोजा.