दुष्परिणाम आमच्या भाषेत सांगा

मानसिक आरोग्यावर हल्ली आपण बरंच बोलतो. १० ऑक्टोबरला पोस्टर लावतो, व्याख्यान ठेवतो. पण गोळ्यांचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात: "त्या खाऊन माणूस दगड होतो" आणि "डॉक्टर सांगतात तशा घ्या." या दोन्हींच्या मधलं जे आहे ते पेशंटला त्याच्या भाषेत सांगितलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

क्लोझापिनचंच बघा. स्किझोफ्रेनियात इतर औषधं लागू पडेनाशी झाली की हे देतात. कितीतरी जणांना त्याने माणसांत आणलंय. पण त्याने फीट येऊ शकते. डोस वाढतो तसा धोका वाढतो. मोठ्या डोसवर शंभरातल्या चार-पाच जणांना ती येते. आणखी एक गोष्ट म्हणजे, विडी-सिगारेटच्या धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. त्यामुळे रोज पाकीटभर ओढणाऱ्याने एकदम सिगारेट सोडली, तर गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातलं औषध वाढतं. घरचे खूश, व्यसन सुटलं म्हणून! सुटावंच, पण डॉक्टरांना सांगून.

हे माहीत नसलं की काय होतं? फीट आली की कांदा हुंगवतात, हातात चाव्या देतात, "बाहेरचं आहे" म्हणतात. मग गोळ्या कचऱ्यात जातात आणि आजार परत येतो. खरं तर माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल गाठायचं. पुढे डोस कमी करून किंवा फीटचं औषध जोडून बहुतेकदा उपचार चालू ठेवता येतात.

मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, तोंडाला फेस येऊन पडणाऱ्या मुलाला घेऊन बाप येतो. प्रभू येशू त्याला आधी विचारतो, हे कधीपासून होतंय? आपण मात्र विचारायच्या आधीच निकाल देतो.

"सांगितलं तर पेशंट घाबरून गोळ्याच घेणार नाही," असं म्हणतात. मला उलटं वाटतं. सांगून आलेल्या संकटाला माणूस तोंड देतो, न सांगता आलेल्याला भूत म्हणतो. शिवाय ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२ व्या कलमाने उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क दिलाय, आणि तोही पेशंटला समजेल अशा भाषेत. आमच्या बेळगावात पेशंट मराठीत बोलतो, पाटी कन्नडमध्ये असते, आणि गोळ्यांच्या खोक्यातला कागद मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत!

आपलं मंडळ दरवर्षी भाषांतर स्पर्धेला कविता देतं. यंदा एका औषधाची अर्ध्या पानाची माहिती देऊया. डॉक्टरांकडून तपासून घेऊ, आणि ज्याला ती गोळी घ्यायची आहे त्याच्या आईला समजेल अशी लिहू. कवितेपेक्षा ते सोपं जाईल असं मात्र समजू नका.