संगणकाचा रूळ कोणाच्या मालकीचा?

लातूरकरांना परक्याच्या रुळाचा अनुभव नवा नाही. लंडनमध्ये नोंदलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीचा अडीच फुटी रूळ लातूरपर्यंत आला आणि पुढे कित्येक दशके येथील माणसे नि माल कुर्डुवाडीला उतरून दुसऱ्या गाडीत चढत राहिला. १९५४ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. रूळ मात्र तोच राहिला. लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज होण्यास २००८ साल उजाडावे लागले. रुळाचे माप एकाने ठरवावे आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसावा, हा या इतिहासाचा धडा आहे. नांदेड-लातूरच्या शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींच्या टेबलांवर आज तोच धडा नव्याने गिरवला जात आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ज्या संगणकाचा कळफलक शाबूत आहे, पडदा शाबूत आहे, ज्यावर काल संध्याकाळपर्यंत पतसंस्थेची पत्रे टंकलिखित होत होती, तो एका दूरस्थ कंपनीच्या निर्णयाने भंगारात निघाला! मुदतवाढ उपलब्ध आहे खरी; परंतु संस्थांसाठी तिचा दर वर्षागणिक दुप्पट होत जातो. दुष्काळाने वारंवार पोळलेल्या या प्रदेशाने चालती यंत्रे फेकून नवी घ्यावीत, याला विकास म्हणायचे काय?

याला पर्याय आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिलेला लिनक्स गाभा यांतून ही प्रणाली उभी राहिली. तिची प्रत घेण्यास, वाटण्यास व बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांवर ती चालते. खेड्यातील शेतमजुराच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ‘लिनक्स तज्ज्ञांचे, नवशिक्याला ते झेपायचे नाही.’ हा आक्षेप वीस वर्षांपूर्वी पुष्कळसा खरा होता. आज तो तपासून पाहावा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांची प्रत विनामूल्य उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची. त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा. जुन्या प्रणालीला हात न लावता नवी तेथेच चालवून पाहता येते. छपाई, आवाज, इंटरनेट ठीक आहे ना, याची खात्री आधीच होते. पुढे भाषा, कळफलक आणि डिस्क निवडणे एवढेच प्रश्न उरतात. आपल्या फायलींची प्रत आधी बाजूला काढून ठेवावी, ही एकच खबरदारी अत्यावश्यक. मिंटला किमान दोन, सोयीसाठी चार जीबी स्मृती पुरते. बहुतेक यंत्रांवर हे काम तासाभरात आटोपते.

देखभाल तर अधिकच सोपी. बहुतेक सर्व प्रोग्राम एकाच भांडारातून येतात आणि एकाच कळीने अद्ययावत होतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्ती मोफत मिळते. दर सहा महिन्यांनी ‘विंडोज मारून देणाऱ्या’ दुकानदाराचे उंबरे झिजवणे आणि चोरट्या प्रतीबरोबर व्हायरस विकत घेणे यापेक्षा हे कठीण कसे?

अडचणी नाहीत, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. टॅली त्यावर सरळ चालत नाही. काही छपाईयंत्रे नि वाय-फाय अडून बसतात. जुन्या मराठी फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. जेथे हिशेब टॅलीवर आहे, तेथे तो एक संगणक तसाच ठेवावा; त्यासाठी उरलेले नऊ वेठीस धरण्याचे कारण नाही.

खरा अडसर शिक्षणाचा आहे. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून या राज्यातील तरुणांच्या पिढ्या संगणक शिकल्या; पण त्यांच्या हाती प्रामुख्याने आला तो विंडोज आणि ऑफिस यांचाच परिचय. सवयीला सुलभता म्हणायचे आणि अपरिचयाला काठिण्य, ही मक्तेदारीची जुनी क्लृप्ती आहे. केरळने ती ओळखली. तेथे शिक्षकांना प्रशिक्षण देऊन शासकीय शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्यात आले आणि ‘लिटल काइट्स’ मंडळांतून शाळकरी मुलेच हे तंत्र हाताळू लागली. केरळातील मुलांना जे जमते, ते उदगीर वा देगलूरच्या मुलांना जमणार नाही, असे कोण म्हणेल?

साधनेही हाताशी आहेत. सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली घडवली. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतून पाठ आहेत. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरणही स्वीकारले. कागदावरचे धोरण तालुक्यापर्यंत आपोआप चालत येत नसते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि दोन्ही जिल्हा परिषदा यांनी जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.

परंतु केवळ मागणीने भागणार नाही. प्रत्येक तालुक्यात दोन तरुणांनी हे तंत्र शिकावे, रविवारी एका शाळेत बसावे आणि लोकांचे संगणक त्यांच्याच हातून दुरुस्त करून घ्यावेत. आरंभ पक्षकार्यालयातील जुन्या संगणकापासून व्हावा. ब्रॉडगेजसाठी मराठवाड्याला दिल्लीची वाट पाहावी लागली. या रुळासाठी कोणाचीच वाट पाहण्याचे कारण नाही.