कैदी घरी, निकाल कायम

अध्यक्षपद सोडण्यास काही मिनिटेच उरली असताना, २० जानेवारी २०२५ रोजी, जो बायडेन यांनी एका हुकमावर सही केली. अमेरिकी इंडियनांचे नेते लेनर्ड पेल्टियर यांना त्यांच्या दोन जन्मठेपींचा उरलेला काळ स्वतःच्या घरी स्थानबद्धतेत काढता येईल, असा तो हुकूम होता. १८ फेब्रुवारीला पेल्टियर फ्लॉरिडातील कोलमन तुरुंगातून बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय ८० वर्षांचे होते आणि त्यांपैकी सुमारे ४९ वर्षे गजाआड गेली होती. हा गुन्ह्याला दिलेला माफीनामा नव्हे, हे अध्यक्षांच्या निवेदनात आवर्जून नमूद करण्यात आले. या आवर्जूनपणातच साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे.

पेल्टियर यांचा जन्म १९४४ चा, नॉर्थ डाकोटा राज्यातला. टर्टल माउंटन येथील चिपेवा जमातीत ते वाढले. १९५३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांची रवानगी वाहपेटन येथील सरकारी निवासी शाळेत झाली. इंडियन मुलांची भाषा व चालीरीती पुसून टाकून त्यांना ‘सुधारणे’ हे अशा शाळांचे घोषित धोरण होते. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने काही जमातींचे स्वतंत्र अस्तित्व मोडीत काढण्याचा ठराव केला. त्यात टर्टल माउंटनचे नाव होते. तो बेत तेथे तडीस गेला नाही, ही गोष्ट वेगळी. या शाळांबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर क्षमा मागितली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. ती मागणारे अध्यक्षही बायडेनच.

अशा शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीने १९६८ मध्ये मिनियापोलिस शहरात ‘अमेरिकन इंडियन मूव्हमेंट’ उभी केली. १८९० मध्ये जेथे अमेरिकी सैन्याने लकोटांची कत्तल केली, त्या वुंडेड नी गावाचा या संघटनेने १९७३ साली ७१ दिवस ताबा घेतला. हे गाव साउथ डाकोटातील पाइन रिज या राखीव प्रदेशात आहे. ताबा सुटला, पण शांतता आली नाही. जमातीचे अध्यक्ष डिक विल्सन यांच्या हत्यारबंद माणसांनी विरोधकांवर दहशत बसविली. केंद्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एफबीआयचा, रोष मात्र चळवळीवरच राहिला. भयभीत कुटुंबांच्या बोलावण्यावरून चळवळीचे जे कार्यकर्ते तेथे तळ देऊन राहिले, त्यांत पेल्टियर होते.

२६ जून १९७५ रोजी जॅक कोलर आणि रॉनल्ड विल्यम्स हे एफबीआयचे दोन अधिकारी एका चोरीच्या प्रकरणातील संशयिताच्या शोधात ओग्लालाजवळच्या एका शेतवाडीत शिरले. गोळीबार सुरू झाला. दोघे आधी जखमी झाले आणि नंतर जवळून गोळ्या घालून मारण्यात आले. दोघेही तिशीच्या आतले होते. ही हत्या निर्घृण होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. जो स्टंट्झ हा इंडियन तरुणही त्या दिवशी मारला गेला. त्याच्या मृत्यूबद्दल कोणावरही खटला झाला नाही.

अधिकाऱ्यांच्या हत्येबद्दल प्रथम दोघा सहकाऱ्यांवर आयोवातील सीडर रॅपिड्स येथे खटला चालला. पाइन रिजवरील दहशतीचा पुरावा तेथे ज्यूरीपुढे येऊ दिला गेला आणि जुलै १९७६ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. पेल्टियर त्या वेळी कॅनडात पकडले गेलेले होते. त्यांना परत आणण्यासाठी एका महिलेची प्रतिज्ञापत्रे दाखविण्यात आली. ती दबावाखाली दिल्याचे तिने पुढे सांगितले. १९७७ मध्ये फार्गो येथील न्यायालयात दहशतीचा तो पुरावा बहुतांशी बाहेरच ठेवला गेला, आणि या महिलेची हकीकतही ज्यूरीच्या कानी पडू दिली नाही. कोलर यांच्या मोटारीच्या डिकीत सापडलेली एक रिकामी पुंगळी पेल्टियर यांच्या म्हटल्या जाणाऱ्या रायफलीतली आहे, यावर सरकारपक्षाचा मोठा भर होता. त्या रायफलीचा फायरिंग पिन जुळत नसल्याचा उल्लेख असलेली ऑक्टोबर १९७५ ची तार सरकारच्याच दप्तरात होती. माहितीच्या कायद्याखाली ती बाहेर आली, तोवर जन्मठेप सुरू होऊन वर्षे लोटली होती.

यापुढचा न्यायालयीन प्रवास चमत्कारिक आहे. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की, ही माहिती मिळती तर ज्यूरीने आरोपीला सोडले असते, असे ‘शक्य’ आहे; परंतु कायद्याला ‘संभाव्य’ हवे. दोन शब्दांमधील या फटीत एक माणूस आणखी ३९ वर्षे राहिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जेराल्ड हीनी यांनीच १९९१ मध्ये दयेच्या बाजूने पत्र लिहिले. अधिकाऱ्यांना कोणी मारले हे सिद्ध करता येत नाही, अशी कबुली सरकारी वकिलांनी अपिलात दिली. तेव्हा शिक्षेला ‘साहाय्य केल्याचा’ आधार पुढे करण्यात आला. परंतु ज्यांना साहाय्य केले म्हणावयाचे, ते दोघे तर निर्दोष ठरलेले! सरकारने पुरावा दडविला, साक्षीदारांना धमकावले, हे २००३ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने निःसंदिग्धपणे नोंदविले. तरीही दिलासा दिला नाही.

त्या दिवशी आपण गोळ्या झाडल्या, हे पेल्टियर यांनी नाकारलेले नाही. जवळून हत्या केल्याचे मात्र त्यांनी सतत नाकारले. एफबीआयला हा भेद मान्य नाही. २००० च्या डिसेंबरात तिच्या शेकडो अधिकाऱ्यांनी व्हाइट हाउसपुढे मोर्चा नेला आणि क्लिंटन निर्णय न घेताच पायउतार झाले. ओबामांनी २०१७ मध्ये नकार दिला. जुलै २०२४ मध्ये पॅरोलही नाकारला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये एफबीआयच्या प्रमुखांनी बायडेन यांना विरोधाचे पत्र धाडले. उलट, ज्यांच्या कार्यालयाने हा खटला व अपील चालविले, ते माजी सरकारी वकील जेम्स रेनॉल्ड्स यांनी २०२१ मध्ये सुटकेची विनंती केली होती.

बायडेन यांनी दयेची कारणे दिली ती वय, आजार आणि तुरुंगात गेलेल्या काळाची. दडविलेल्या तारेचा त्यांत उल्लेख नाही. पेल्टियर टर्टल माउंटनवरील बेलकोर्ट येथे राहावयास गेले; फार्गोचा निकाल दप्तरात जसाच्या तसा आहे.