विश्लेषण : १३ पैकी १३ सामने जिंकूनही संघ बाहेर कसा? फ्लोरिडा स्टेटच्या २०२३ च्या मोसमाचा वाद काय?

अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२३ च्या मोसमात १३ सामने खेळला आणि तेराही जिंकला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) या आपल्या गटाचे विजेतेपदही त्याने पटकावले. तरीही राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार संघांत त्याला स्थान मिळाले नाही. चौथी जागा मिळाली ती एक सामना हरलेल्या अलाबामाला. हे कसे घडले?

निवड समितीची गरजच का पडते?

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. त्याच्या सर्वोच्च महाविद्यालयीन श्रेणीत २०२३ मध्ये १३३ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित मोसमातील साधारण १२ सामने. त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांसमोर येतच नाहीत. आयपीएलसारखी एकच गुणतालिका मांडणे येथे शक्य नाही.

२०१३ पर्यंत अंतिम सामन्याचे संघ ठरवताना मतदानाच्या जोडीला संगणकीय क्रमवारीही वापरली जाई. संगणकाला खेळ कळत नाही, अशी ओरड झाली आणि २०१४ पासून चार संघ निवडण्याचे काम १३ जणांच्या समितीकडे आले. नेट रनरेटवर आपल्याकडे कितीही वाद झाले, तरी तो कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळता येतो. समितीचा निर्णय तसा पडताळता येत नाही.

मोसमात नेमके काय झाले?

प्रशिक्षक माइक नॉर्वेल यांच्या संघाने सुरुवातच लुइझियाना स्टेटला ४५-२४ असे हरवून केली. पुढे क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर अतिरिक्त वेळेत ३१-२४ असे नमवले. पण १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा मोसम तिथेच संपला. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते.

राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकरला घेऊन संघाने फ्लोरिडाला २४-१५ असे हरवले. त्या सामन्यात रोडमेकरही जायबंदी झाला. मग २ डिसेंबरला एसीसीच्या अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन या नवख्या खेळाडूवर जबाबदारी आली. आक्रमण अडखळले, पण बचावफळीने लुईव्हिलला अवघ्या ६ गुणांवर रोखले. निकाल १६-६.

दुसऱ्या दिवशी यादी आली : मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. शेवटचा सामना जिंकूनही फ्लोरिडा स्टेट चौथ्यावरून पाचव्या क्रमांकावर घसरले होते. चारच संघ निवडण्याची पद्धत सुरू झाल्यापासून पाच मोठ्या गटांपैकी एखाद्याचा अपराजित विजेता वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ.

समितीचे म्हणणे काय होते?

समितीच्या नियमावलीत महत्त्वाच्या खेळाडूची अनुपस्थिती विचारात घेण्याची मुभा होती. ट्रॅव्हिसविना हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, असे समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी सांगितले. दुसरी अडचण गणिताची होती. अलाबामाने सलग २९ सामने जिंकलेल्या जॉर्जियाला २७-२४ असे हरवून साउथईस्टर्न कॉन्फरन्स जिंकली होती. पण सप्टेंबरमध्ये टेक्सासने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४-२४ असे नमवले होते. म्हणजे अलाबामाला घ्यायचे तर टेक्सासला डावलता येत नव्हते. मिशिगन आणि वॉशिंग्टन दोन्ही अपराजित. उरलेल्या दोन जागांसाठी दावेदार तीन झाले.

हा युक्तिवाद टिकतो का?

पूर्ण नाही. अलाबामाचे सामने अधिक खडतर होते, हे म्हणणे रास्त आहे, कारण ते झालेल्या सामन्यांबद्दल आहे. पण क्वार्टरबॅक नाही म्हणून पुढे हराल, हे केवळ भाकीत झाले. एखाद्या रणजी संघाने साखळीतील सगळे सामने जिंकावेत आणि त्याचा मुख्य फलंदाज जायबंदी झाला म्हणून त्याला बाद फेरीत घेऊ नये, असा हा प्रकार. शिवाय ट्रॅव्हिस गेल्यानंतरही संघ दोन सामने जिंकला होता, म्हणजे हाती असलेला थोडा विदाही भाकिताच्या विरोधातच होता.

आपला पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ केवळ एका क्वार्टरबॅकचा नाही हे तरी दिसले असते, अशा आशयाची प्रतिक्रिया ट्रॅव्हिसने दिली. त्याने सहकाऱ्यांची माफीही मागितली. ज्याचा पाय मोडला, त्यालाच अपराधी वाटावे, ही या निर्णयाची सर्वांत बोचरी बाजू.

६३-३ ने काय सिद्ध झाले?

३० डिसेंबरला ऑरेंज बोल या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला. समिती बरोबरच होती, असे अनेकांनी म्हटले. पण विजेतेपदाची संधी गेल्यावर कोणी व्यावसायिक कारकिर्दीसाठी, कोणी दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी, तर कोणी दुखापतीमुळे खेळलेच नाही. दोन डझनांहून अधिक खेळाडू मैदानाबाहेर होते. १३ सामने जिंकलेला संघ तो हा नव्हताच.

प्रकरण न्यायालयात का गेले?

फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी संभाव्य खटल्यासाठी १० लाख डॉलरची तरतूद सुचवली. २२ डिसेंबरला विद्यापीठाने खटला भरला, पण तो समितीविरुद्ध नव्हे, तर स्वतःच्याच गटाविरुद्ध. एसीसीकडे संघांचे प्रक्षेपण हक्क २०३६ पर्यंत होते आणि बाहेर पडण्याचा खर्च ५७.२ कोटी डॉलर येतो, असा विद्यापीठाचा दावा होता. पैशाची कुरबूर जुनीच होती. अपराजित राहूनही गटाचे वजन कमी पडते, हा मुद्दा आता तिला जोडला गेला. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि प्रेक्षकसंख्येनुसार अधिक वाटा देण्याचे ठरले.

२०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी १२ संघ निवडले जाऊ लागले. हा विस्तार आधीच ठरला होता. फ्लोरिडा स्टेटची संधी एका वर्षाने हुकली. त्या पहिल्या विस्तारित मोसमात त्यांनी १२ पैकी फक्त दोन सामने जिंकले.