फुटांचे बिल

बोअर कोरडा गेला की गावात दोनच आरोपी उभे केले जातात. एक, तळहातावर नारळ धरून जागा दाखविणारा पाणाड्या. दुसरे, आपले नशीब. ज्याने रात्रभर यंत्र चालवून साडेसहा इंची भोक पाडले, त्याला कोणी काही विचारीत नाही. विचारणार तरी कशाच्या आधारावर? त्याने मागे ठेवलेला कागद म्हणजे बिल. इतके फूट, इतका केसिंग पाईप, इतके रुपये!

माझ्या एका बागाईतदार स्नेह्याने असे बिल मला मोठ्या विश्वासाने दाखविले. खोली ४०० फूट, केसिंग २० फूट. दख्खनच्या खडकाला शून्याचा हा शौक केव्हापासून जडला? लाव्हाचे थर एकावर एक पसरलेले. वर मुरूम, मग सच्छिद्र खडक, मधूनच विटकरी लाल पट्टा, खाली काळा पाषाण. एक थर ३७ फुटांवर संपेल, दुसरा ११२ वर. एक रॉड झपझप उतरतो, पुढचा रेंगाळतो. म्हणून खरी नोंद ओबडधोबडच असते. जिच्यात प्रत्येक रॉडला सारखाच वेळ लागला आहे, ती यंत्रापाशी नव्हे, चहाच्या टपरीवर लिहिली गेली असे खुशाल समजावे.

पाण्याचेही तेच. पहिला झरा लागेपर्यंत धूळ उडते, मग गाळ येतो. पुढचा झरा यंत्र थांबवून, त्रिकोणी खाचेच्या पत्र्यावरून पाणी सोडून मोजल्यावाचून नीट कळत नाही. थांबायचे कोणी? भाव फुटाचा आहे. कोरडा फूट आणि ओला फूट एकाच दराने विकला जातो. वेळीच थांबणारा कारागीर स्वतःचेच नुकसान करून घेतो, आणि त्याच्या प्रामाणिकपणाला नोंदवहीवाचून दुसरा साक्षीदार नाही. तेव्हा 'लिहायला वेळ कुठे?' हे त्याने तरी म्हणू नये.

इंग्लंडात १९४५ च्या कायद्याने ५० फुटांहून खोल विहीर पाडणाऱ्यावर थरांची नोंद ठेवून तिची प्रत धाडण्याची सक्ती केली. आमच्या २००९ च्या भूजल कायद्याने, जो २०१४ मध्ये अमलात आला, यंत्रमालकांची नोंदणी सांगितली. ६० मीटरांपलीकडच्या विहिरींना पायबंद घातला. उत्तम! पण नोंदलेला मालक निराळा आणि नोंद ठेवणारा कारागीर निराळा. आणि ६० मीटर म्हणजे दोनशे फूटही भरत नाहीत. स्नेह्याच्या बिलावर चारशे उघड छापले आहेत.

त्याची मोटर दुसऱ्याच पावसाळ्यात अडकली. मुरूम केसिंगच्या खाली बराच उतरला होता, तो ढासळला. किती उतरला होता, ते त्या रात्री यंत्रावरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिले असणार. स्नेह्याने चार पावलांवर दुसरा बोअर घेतला. त्याचेही बिल त्याने पहिल्याशेजारीच जपून ठेवले आहे.